अंगकाठी, आहार आणि आरोग्य

‘बाळाने चांगले बाळसे धरले’, ‘मुलगी अंगाने भरली’, ‘गृहस्थ खात्यापित्या घरचे दिसतात’ ही वाक्ये मराठी घरांत कौतुकाने उच्चारली जातात. उलटपक्षी, ‘काडीपहिलवान’, ‘वाळली आहे नुसती’, ‘अंगाला लागत कसे नाही’ हे उद्गार काळजीचे किंवा चेष्टेचे. एकाच पिढीत या शब्दांचा अर्थ पालटू शकतो. ज्या घरात आजी नातसुनेला ‘अंग धर’ असा आशीर्वाद देते, त्याच घरातील शाळकरी नात रात्रीची पोळी ताटात तशीच ठेवून उठते, कारण तिला सडपातळ व्हावयाचे असते. दोघींच्याही मनात शरीराचे एक आदर्श चित्र आहे, आणि आपले ताट दोघीही त्या चित्राकडे पाहून वाढून घेतात. हे चित्र कोठून येते आणि प्रकृतीवर त्याचा काय परिणाम होतो, याचा विचार आहारशास्त्राइतकाच महत्त्वाचा आहे.

भरलेल्या अंगाचे कौतुक निष्कारण जन्मास आलेले नाही. दुष्काळ, प्लेग, हिवताप आणि क्षय यांनी ज्या समाजाला शतकानुशतके ग्रासले होते, त्या समाजात अंगावर थोडे मांस असणे म्हणजे पुढील आजारपण निभावून नेण्याची शिदोरी होती. बाळसे हे मूल जगण्याचे लक्षण मानले जाई. अन्नधान्याची टंचाई ओसरली, लशी आल्या, साथी आटोक्यात आल्या. परंतु कौतुकाची भाषा जुनीच राहिली. शहरांत पूर्वी हौसेने भरविल्या जाणाऱ्या ‘सुदृढ बालक’ स्पर्धांत बक्षीस बहुधा सर्वांत गुबगुबीत मुलालाच मिळे, हे अनेक वाचकांना स्मरत असेल.

भोपाळमधील मराठी घरे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. त्यापूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला. परंतु सचिवालयातील अनेक मराठी कर्मचारी नव्या राजधानीत आले. ग्वाल्हेर आणि इंदूर या जुन्या संस्थानांतूनही मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. या मंडळींनी आपल्याबरोबर आपली खाद्यसंस्कृती आणली. विदर्भाकडील घरांतून ज्वारीची भाकरी, पिठले, आंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी आली. माळव्यात पूर्वीपासून राहिलेल्या घरांतून पोहे, जिलबी, शेव आणि दाल-बाफले आले. शेजारच्या सिहोर जिल्ह्यातील शरबती गव्हाने पुष्कळ स्वयंपाकघरांतून ज्वारीला हळूहळू बाजूस सारले. गव्हाची मऊ, पांढरी पोळी प्रतिष्ठेची ठरली आणि भाकरी गावाकडची. या सिहोरी गव्हाला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आणि त्याच्या चवीविषयी वाद असण्याचे कारण नाही. परंतु ज्वारी मागे पडली तेव्हा तिच्याबरोबर खाल्ली जाणारी पालेभाजी, ठेचा आणि कच्चा कांदाही मागे पडला, हे लक्षात घेतले पाहिजे. धान्य बदलते तेव्हा त्याच्या सोबतीचे सारे ताट बदलते.

याहून मोठा बदल श्रमात झाला. वडील शेतात किंवा निदान पायी कचेरीत जाणारे. मुलगा खुर्चीवर बसून फायली पाहणारा. नातू पडद्यासमोर दिवसाचे दहा तास बसणारा. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी डबा, चहाबरोबर कचोरी आणि रात्री उशिरा पुन्हा भरपेट जेवण हा क्रम मात्र तिघांचाही जवळपास सारखाच. जिलबीला दोष देण्यात अर्थ नाही. सणासुदीला आणि कष्टाच्या दिवसांत जिलबी पचत होती. रोजच्या नाश्त्याला तिची योजना मूळच्या व्यवस्थेत नव्हती.

भोपाळला आरोग्यविषयक लोकशिक्षणाची जुनी परंपरा आहे. १९०१ ते १९२६ या काळात येथे राज्य करणाऱ्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी आरोग्य, स्वच्छता आणि बालसंगोपन या विषयांवर स्वतः पुस्तके लिहिली. पडद्यातील स्त्रियांना एकत्र येता यावे, व्याख्याने ऐकता यावीत, यासाठी त्यांनी स्त्रियांचा एक क्लबही स्थापन केला होता. आरोग्य हा केवळ वैद्याचा विषय नसून घरातील रीतीभातींचा विषय आहे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

आखाड्याने घडविलेले शरीर

शरीराच्या आदर्शाचे मराठी मुलखातील दुसरे उगमस्थान म्हणजे तालीम. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नव्याने उभी केली असे परंपरेने सांगितले जाते. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात या विद्येचा उल्लेख असल्याने ती त्याहून पुष्कळ जुनी आहे हे उघड आहे. पेशवाई संपल्यावर बाजीराव ब्रह्मावर्तास गेले आणि ही विद्याही त्यांच्याबरोबर उत्तरेत पोहोचली. भोपाळच्या ज्या वस्तीला तात्या टोपे नगर हे नाव आहे, ते तात्याही याच ब्रह्मावर्ताच्या परिसरात वाढले. पुढे मराठी संस्थानांच्या आश्रयाने माळव्यातील आखाड्यांतून, विशेषतः उज्जैनमध्ये, मल्लखांब रुजला. मध्य प्रदेश शासनाने २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली आणि उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० सालचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

मल्लखांबाकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. एरंडेल तेल चोळलेल्या लाकडी खांबावर मांडीची, बगलेची आणि हाताची पकड घेऊन शरीर तोलावयाचे असते. येथे अंगावरील प्रत्येक जादा किलो खेळाडूला खाली ओढतो. आणि हातापायांत बळ नसेल, तर केवळ किरकोळ शरीरयष्टीचाही उपयोग होत नाही. म्हणजे हा व्यायाम जाडपणाचे कौतुक करीत नाही आणि उपाशी देहाचेही करीत नाही.

पहिलवान म्हटला की धिप्पाड देह डोळ्यांसमोर येतो. पण स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे लहान चणीचे मल्ल होते. १९४८ साली लंडनमध्ये त्यांनी सर्वांत हलक्या वजनगटात सहावा क्रमांक मिळविला आणि १९५२ साली हेलसिंकी येथे ५७ किलोंच्या गटात कांस्यपदक जिंकले. त्यांचे बळ चपळाईत आणि डावांच्या अभ्यासात होते.

तालमीच्या परंपरेतील एक धोका मात्र स्पष्ट सांगावयास हवा. दूध, तूप, बदाम, थंडाई हा पहिलवानी खुराक हजार जोर-बैठका काढणाऱ्या शरीरासाठी आहे. तालीम सुटते, नोकरी लागते, लग्न होते. खुराक मात्र सुटत नाही. ज्या शरीराला एके काळी दिवसाला दोन माणसांचे अन्न लागत होते, ते चाळिशीत तेवढेच अन्न पोटाच्या घेरात साठवू लागते. ‘एके काळी मी तालमीत जात होतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्या गृहस्थाचा रक्तदाब तपासून पाहणे म्हणूनच अगत्याचे असते.

औंधचे राजे आणि सँडोचे छायाचित्र

शरीर घडविणे आणि शरीर दाखविणे यांतील फरक समजून घेण्यासाठी औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे उदाहरण उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेन सँडो या जर्मन शरीरसौष्ठवपटूची कीर्ती जगभर पसरली होती. ग्रीक पुतळ्यासारखा उभा राहून तो आपली छायाचित्रे काढवून घेई आणि व्यायामाची साधने विकत असे. १९०४–०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. आपल्याकडील असंख्य तरुणांनी त्याची छायाचित्रे भिंतीवर लावली. इंग्रजी राजवटीत ‘दुर्बल जात’ म्हणून हिणविले गेलेल्या सुशिक्षितांना त्या चित्रात अपमानाचे उत्तर दिसले, हे समजण्यासारखे आहे.

भवानरावांनीही प्रथम सँडोची पद्धती अनुसरली होती. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग आयुष्यभर त्याचेच प्रचारक झाले. आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले. राजवाड्यातील स्त्रियाही नमस्कार घालीत. त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. नमस्काराचे वैशिष्ट्य असे की, त्याला साडेपाच-सहा फूट लांबीची जागा आणि एक सतरंजी यांपलीकडे काही लागत नाही. आरशाचीही गरज नाही. नमस्कार घालणाऱ्याचे दंड सँडोसारखे फुगत नाहीत. परंतु कंबर वाकते, श्वास लांबतो, पोट सुटत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामाने १९२४ पासून याच दिशेने मोठे कार्य केले. अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने तर १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकेही दाखविली.

आज सँडोचे छायाचित्र भिंतीवरून उतरून तरुणांच्या हातातील यंत्राच्या पडद्यावर आले आहे, इतकेच. भोपाळच्या प्रत्येक वस्तीत व्यायामशाळा निघाल्या आहेत आणि त्यांत जाणाऱ्या मुलांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र तीन महिन्यांत ‘बॉडी’ करून देणारी भुकटी व इंजेक्शने यांपासून त्यांना सावध करणे हे पालकांचे व शिक्षकांचे कर्तव्य आहे. स्नायू फुगविणारी संप्रेरकवर्गीय औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने मनाई आहे. ती यकृत, हृदय आणि प्रजननक्षमता यांना अपाय करतात. वाढीच्या वयातील मुलाची तर त्यामुळे उंचीच खुंटू शकते. वाटीभर डाळ, मूठभर शेंगदाणे, फुटाणे, दूध आणि चालत असल्यास अंडी यांतून सामान्य व्यायाम करणाऱ्या तरुणाची प्रथिनांची गरज भागते.

बारीक दिसणारे जाड शरीर

दिसण्यावरून प्रकृती ओळखता येते ही समजूत किती फसवी आहे, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहभार निर्देशांक, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ होता. दोघेही सडपातळ. परंतु तपासणीत डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळले. वजनकाटा दोघांना सारखे मानत होता. शरीराची आतील घडण मात्र वेगळी होती.

या वेगळेपणाचे मूळ गर्भावस्थेपर्यंत जाते. पुण्याजवळील खेड्यांतून १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपली बालके स्नायूंनी व अवयवांनी लहान होती, पण त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. असे बालक पुढे भरपूर खाऊ लागले आणि त्याचे हिंडणे-फिरणे कमी झाले, की मधुमेहाला वाट मोकळी होते. खेड्यातून शहरात आलेल्या, स्वतःला ‘जाड नाही’ म्हणून निर्धास्त समजणाऱ्या कर्मचाऱ्यांना हे विशेष लागू पडते. याच अभ्यासात असेही दिसून आले की, ज्या गर्भवती हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळे अधिक वेळा खात होत्या, त्यांची बालके आकाराने मोठी होती. तसेच निम्म्याहून अधिक मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. शाकाहारी घरात हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध-दह्यातून मिळते, आणि घरातील दूध कोणाच्या पेल्यात जाते हा प्रश्न येथे उभा राहतो.

पंगतीची शेवटची पाने

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) मध्य प्रदेशातील १५ ते ४९ वयोगटातील शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५५ रक्तक्षयी होत्या. सुमारे २३ जणींचे वजन उंचीच्या मानाने कमी होते आणि सुमारे १७ जणींचे जास्त. म्हणजे एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच गल्लीत, दोन्ही टोके नांदत आहेत. जास्त वजनाची स्त्रीही रक्तक्षयी असू शकते. गुबगुबीत अंग म्हणजे भरलेले रक्त नव्हे.

यामागे रीतीचा भाग मोठा आहे. घरातील पुरुष आणि मुले जेवल्यावर उरलेले खावे, ही पद्धत शहरात सैल झाली असली तरी भाजीचे पातेले रिकामे झाल्यावर गृहिणीने लोणच्याबरोबर पोळी संपविणे अद्याप थांबलेले नाही. शिवाय उपवास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी मिळून महिन्याचे आठ-दहा दिवस सहज भरतात. उपवासाच्या श्रद्धेविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु दिवसभर चहा आणि रात्री साबुदाण्याची तुपकट खिचडी हा उपवास ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या म्हणीला साजेसा आहे. साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नाही. राजगिरा, वरई, शेंगदाणे, ताक, रताळे आणि फळे हीसुद्धा उपवासाचीच आहेत. त्यांतील राजगिऱ्यात लोह आणि चुना दोन्ही चांगल्या प्रमाणात आहेत.

संस्कृतीने स्त्रियांना व्यायाम नाकारला असे मात्र नाही. मंगळागौरीच्या रात्रीची फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, सूपनाच हे खेळ ज्यांनी खेळून पाहिले आहेत, त्यांना घाम म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. भोंडल्याचा फेरही तसाच. आता हे खेळ बहुधा रंगमंचावर होतात. दहा जणी खेळतात आणि दोनशे जणी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवितात. महिला मंडळांनी खुर्च्या थोड्या कमी मांडल्या तर बरे होईल.

दहा ते चौदा या वयात मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढते. पाळी सुरू होण्यापूर्वीची ती निसर्गाची तयारी होय. नेमक्या याच वेळी दोन गोष्टी घडतात. ‘आता मोठी झाली’ म्हणून तिचे मैदान बंद होते आणि ‘जाड दिसतेस’ या एका शब्दाने तिचे जेवण कमी होते. ज्या वर्षांत हाडे आणि रक्त घडावयाचे, त्याच वर्षांत अन्न व हालचाल दोन्ही तुटतात. आणि दहा वर्षांनी हीच मुलगी माता होते. डॉ. याज्ञिक यांच्या अभ्यासातील २.७ किलोंच्या बालकाची कथा येथे सुरू होते. दोराचा मल्लखांब, लंगडी, खो-खो यांसारखे खेळ मुलींसाठी शाळेत चालू राहणे म्हणूनच अत्यंत निकडीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मुलांना रोज सरासरी एक तास आणि प्रौढांना आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे निदान मध्यम तीव्रतेचा व्यायाम हवा.

घरी व शाळेत करण्यासारखे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सामान्य प्रौढाच्या दिवसभराच्या ताटात सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि भाज्या व फळे मिळून ५०० ग्रॅम असावीत असे सुचविले आहे. आपल्या ताटाशी हे ताडून पाहिले, तर बहुतेकांच्या पोळ्या-भात अधिक आणि भाजी निम्म्याहूनही कमी भरते. ताट बदलण्यासाठी महाग वस्तूंची आवश्यकता नाही. मेथी, चाकवत, शेवग्याचा पाला, मोड आलेली मटकी, आठवड्यातून काही दिवस ज्वारी किंवा बाजरीची भाकरी एवढ्याने सुरुवात होते. भाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह अधिक शोषले जाते. जेवणालगत चहा घेतल्यास ते वाया जाते. चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा.

शाळेतून दर आठवड्याला दिली जाणारी लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी मुलींनी, तसेच मुलांनीही, जेवणानंतर शिक्षकांसमोर घ्यावी. पोटात थोडी मळमळ किंवा काळसर शौच होणे यांत घाबरण्यासारखे नाही. हे आधी सांगितले नाही, तर गोळ्या खिडकीबाहेर जातात, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी चुकवू नये, कारण जंत असेपर्यंत लोह अंगी लागत नाही.

प्रौढांनी काट्याबरोबर टेपही वापरावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता घेर मोजावा. पुरुषांत तो ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक भरल्यास रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा, मग माणूस दिसावयास कितीही बारीक असो. भारतीयांसाठी देहभार निर्देशांकाची इशाऱ्याची रेषा २३ आहे. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ५९ किलो झाले की ती रेषा आली असे समजावे.

शाळेत विद्यार्थ्यांची उंची व वजन वर्षातून दोनदा नोंदवितात. ही नोंद घेताना सर्व वर्गाला रांगेत उभे करून आकडे मोठ्याने वाचण्याची पद्धत सोडून द्यावी. एकेका मुलाला बाजूस बोलावून मोजावे आणि आकडा वहीत लिहावा. मागील नोंदीशी तुलना करून वाढ खुंटलेली किंवा वजन झपाट्याने वाढलेले आढळल्यास पालकांना स्वतंत्रपणे कळवावे. ‘जाड्या’, ‘काड्या’ ही टोपणनावे वर्गात चालू असतील, तर ती प्रथम शिक्षकांनीच उच्चारणे थांबवावे.